पाळीव सापाच्या पेटीसाठी नैसर्गिक बिछायत: साहित्य, शुद्धीकरण आणि ओलावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्षभराचा बॉल पायथन (अजगराची एक जात) नुकताच आपल्याकडे आला आहे, सध्या तो कागदावर ठेवलेला आहे, आणि १२० सेंमी लांब व ६० सेंमी रुंद अशा पेटीत माती, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), वाळकी पाने आणि लाकूड वापरून त्याच्यासाठी नैसर्गिक बिछायत करायची आहे. कोणते साहित्य सुरक्षित, ते निर्जंतुक कसे करायचे आणि थर किती जाड ठेवायचा, हे आपण विचारले आहे. या तिन्हींविषयी सविस्तर लिहितो, परंतु त्याआधी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. बिछायतीमुळे आजारी पडलेले जे साप माझ्याकडे दाखवायला आणले जातात, त्यांतील बहुतेकांच्या पेटीतले साहित्य चांगलेच असते. ओलावा मात्र नको त्या जागी असतो. ओल तळाशी हवी आणि पृष्ठभाग कोरडा हवा. हे साधले, तर साहित्यातील लहानसहान उणिवा साप सहन करतो. हे साधले नाही, तर उत्तमातले उत्तम साहित्यही त्याला वाचवू शकत नाही.

यामागचे कारण सापाच्या राहणीत आहे. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील गवताळ प्रदेशांचा रहिवासी असून दिवसाचा मोठा भाग तो उंदरांच्या बिळांत किंवा वारुळांत काढतो. बाहेरची जमीन कोरडी असली, तरी बिळातील हवा दमट असते, आणि म्हणूनच बंद पेटीत त्याला साधारण ६० ते ८० टक्के आर्द्रता मानवते. ही आर्द्रता मिळवण्यासाठी लोक दिवसातून दोनदा पाण्याचे फवारे मारतात. फवाऱ्याने आर्द्रतामापकावरचा आकडा तासाभरासाठी चढतो, पण प्रत्यक्षात भिजतो तो पृष्ठभाग, ज्यावर सापाचे पोट चोवीस तास टेकलेले असते. सतत ओल्या पृष्ठभागावर राहिल्याने पोटाखालचे खवले प्रथम तांबूस होतात, मग त्यांखाली पाण्याचे फोड येतात आणि जिवाणूंचा संसर्ग आत शिरतो. याउलट दहा-बारा सेंमी जाडीच्या थराच्या तळाशी ओल असेल, तर ती हळूहळू वर येत राहते, हवा दमट राहते आणि पोट कोरडे राहते. तेव्हा जाड थर केवळ शोभेसाठी नसतो. तो पेटीतील पाण्याचा साठा असतो.

आता साहित्याकडे वळू, आणि प्रथम जे मुळीच वापरू नये ते सांगतो. देवदार आणि त्याच्या जातीचे सुवासिक लाकूड पूर्णपणे टाळावे. त्याचा जो वास आपल्याला आवडतो, तो बाष्पनशील तेलांचा आणि फेनॉलवर्गीय द्रव्यांचा असतो, आणि बंद पेटीत ती द्रव्ये सापाच्या श्वसनमार्गाला इजा करतात. ताज्या पाइनच्या भुशाबद्दलही माझे मत हेच आहे. भट्टीत वाळवलेल्या पाइनमध्ये ही द्रव्ये बरीच कमी झालेली असतात, तरी इतके पर्याय उपलब्ध असताना तो धोका पत्करण्याचे कारण मला दिसत नाही. निलगिरीची पाने, कण्हेरीची पाने किंवा फांद्या, रुईसारखा चीक असलेल्या झाडांचे कोणतेही भाग पेटीत येऊ देऊ नयेत. अक्रोडाच्या कवचाचा भरडा, मक्याच्या कणसाचा भरडा, कॅल्शियमयुक्त रंगीत वाळू आणि बारीक खडी हे सारे भक्ष्याला चिकटून पोटात गेल्यास आतड्यात अडकू शकते. कोकोपीटचे किंवा मातीचे चार कण निरोगी, व्यवस्थित पाणी पिणाऱ्या आणि पुरेशी ऊब मिळणाऱ्या सापाच्या विष्ठेवाटे सहज बाहेर पडतात. टणक कवचाचे धारदार तुकडे तसे पडतीलच असे नाही.

धुळीविषयी वेगळे लिहिणे भाग आहे, कारण तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. सापाला आपल्यासारखे श्वासपटल नसते, त्यामुळे श्वासनलिकेत साचलेला कफ किंवा कण खोकून बाहेर टाकणे त्याला जमत नाही. जीभ बाहेर काढून वासाचे कण टाळूतील जेकबसनच्या इंद्रियापर्यंत नेणे ही त्याची सतत चालणारी क्रिया आहे, आणि तो जमिनीलगत राहत असल्यामुळे जी धूळ उडते ती त्याच्याच तोंडाशी येते. म्हणून कोणतेही कोरडे साहित्य पेटीबाहेर चाळून घ्यावे, आणि चाळताना स्वतःच्या नाकातोंडावर मास्क बांधावा. वाळूतील सिलिकाची धूळ माणसाच्या फुप्फुसांनाही घातक असते.

माती घेताना एकच कसोटी लावावी: पिशवीवर लिहिलेल्या घटकांमध्ये माती आणि कुजलेला पालापाचोळा यांव्यतिरिक्त काही असेल, तर ती नको. कुंड्यांसाठी तयार मिळणाऱ्या मिश्रणांत बहुधा रासायनिक खत, पांढऱ्या दाण्यांसारखे परलाइट, व्हर्मिक्युलाइट आणि पाणी लवकर मुरावे म्हणून घातलेली द्रव्ये असतात. शेणखत किंवा कोंबडीखत मिसळलेली मातीही घेऊ नये. स्वतःच्या बागेतील माती वापरायची असल्यास तिथे निदान गेल्या काही वर्षांत कीटकनाशक, तणनाशक किंवा उंदीर मारण्याचे औषध पडलेले नाही, याची खात्री असली पाहिजे. रस्त्याच्या कडेची माती आणि पाने घेऊ नयेत. वाळू धुतलेली, गोलसर कणांची आणि बारीक असावी. समुद्राची वाळू खारी असते आणि दगड फोडून केलेल्या वाळूचे कण धारदार असतात, म्हणून दोन्ही टाळाव्यात.

कोकोपीट हे माझ्या मते नवख्या व्यक्तीसाठी सर्वांत भरवशाचे साहित्य आहे. ६५० ग्रॅमची दाबलेली वीट साधारण ४ लिटर कोमट पाणी शोषून ८ ते ९ लिटर भुसा देते. परंतु नारळाची सोडणे अनेकदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात आणि ते मीठ विटेत उरते. वीट फुलल्यावर कापडात घालून दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावी आणि दर वेळी घट्ट पिळावी. निथळणारे गडद तपकिरी पाणी फिकट झाले की धुणे थांबवावे. निव्वळ कोकोपीट मात्र बिछायत म्हणून पुरेसे नसते. वाळले की त्याची धूळ होते, भिजले की त्याचा चिखल होतो, आणि त्यात बीळ टिकत नाही. मातीने त्याला वजन आणि पकड येते, वाळूने पाणी खाली उतरायला वाट मिळते, आणि सोडणाच्या किंवा झाडाच्या सालीच्या जाड तुकड्यांनी मिश्रणात हवा खेळती राहते.

आपल्या सापासाठी मी आकारमानाने ४ भाग माती, ३ भाग कोकोपीट, २ भाग वाळू आणि १ भाग सालीचे तुकडे असे मिश्रण सुचवीन. त्यात स्फॅग्नम मॉसच्या (शेवाळासारख्या एका वनस्पतीच्या) काही मुठी विखरून घातल्या, तर ओल धरून ठेवणारे कप्पे तयार होतात. (स्फॅग्नम मॉस हाताळताना हातमोजे घालावेत, विशेषतः हातावर जखम किंवा खरचटलेले असेल तेव्हा, त्यातील स्पोरोथ्रिक्स नावाच्या बुरशीमुळे माणसाच्या त्वचेला चिवट संसर्ग होऊ शकतो.) हे प्रमाण वेदवाक्य मानू नये. आपली माती मुळातच चिकण असेल तर वाळू वाढवावी, भुसभुशीत असेल तर कमी करावी. मूठभर मिश्रण घट्ट दाबून पाहावे: गोळा झाला पाहिजे, बोटाने टोचल्यावर तो फुटला पाहिजे, आणि दाबताना फार तर एखाद-दुसरा थेंब गळला पाहिजे. धार लागली तर मिश्रण पसरून सुकू द्यावे. हीच परीक्षा मी आजही दर वेळी घेतो.

कॉर्न स्नेक, किंग स्नेक किंवा हॉगनोज यांच्यासाठी याच पद्धतीने, परंतु माती ६ भाग आणि वाळू ३ ते ४ भाग असे कोरडे मिश्रण चालते. ॲस्पेन लाकडाचे पातळ छिलके त्यांच्यासाठी उत्तम. ते सुगंधी नसतात आणि त्यांत साप छान बोगदे करतो. पण ॲस्पेन ओले झाले की दोन-चार दिवसांतच बुरशी धरते, म्हणून बॉल पायथन किंवा रेनबो बोआ यांच्या दमट पेटीत त्याचा उपयोग नाही.

निर्जंतुकीकरणाबाबत आपण सर्वच साहित्य भट्टीत (ओव्हनमध्ये) भाजण्याचा विचार केला आहे. तो मी बदलायला सांगेन. बंद पाकिटातून आलेले कोकोपीट आणि साल भाजण्याची गरज नसते. बाहेरून गोळा केलेली पाने, लाकूड आणि बागेची माती यांवर उष्णतेची प्रक्रिया करावी, कारण त्यांत माइट (कोळ्याच्या कुळातील अगदी बारीक जीव), त्यांची अंडी, गोगलगायी आणि मुंग्या येऊ शकतात. माती किंचित ओली करून ट्रेमध्ये ८ ते १० सेंमी जाडीने पसरावी, वर फॉइल झाकावे, आणि मधोमध थर्मामीटर खोचून मातीचे आतले तापमान ८२ अंश सेल्सिअसला पोहोचल्यापासून ३० मिनिटे तिथे टिकवावे. ते ९३ अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये. त्यापुढे मातीतील सेंद्रिय पदार्थांपासून झाडांना अपायकारक द्रव्ये तयार होतात आणि दुर्गंधीही येते. पाने उकळत्या पाण्यात १० ते १५ मिनिटे ठेवून मग पूर्ण वाळवलेली बरी. लाकडाचे तुकडे मोठे असतील तर उकळते पाणी पुन्हा पुन्हा ओतावे किंवा भांड्यात उकळावेत. कोरडे लाकूड आणि पाने भट्टीत टाकून खोली सोडून जाण्याची सवय कुणीही लावून घेऊ नये. ती पेट घेतात. ब्लीच किंवा फिनाइलमध्ये लाकूड बुडवणे तर नकोच, कारण लाकूड ते शोषून घेते आणि नंतर महिनोन्महिने बाहेर सोडत राहते.

सर्व काही भाजू नका असे सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. पूर्ण निर्जंतुक केलेली ओलसर माती ही बुरशीसाठी मोकळे रान असते. तिथे तिला अडवणारा कोणताच जीव शिल्लक नसतो. म्हणून भाजलेल्या मातीत उपयोगी जीव मुद्दाम सोडावे लागतात. स्प्रिंगटेल हे एक-दोन मिलिमीटरचे पांढुरके जीव बुरशी खातात, आणि आयसोपॉड सापाची विष्ठा, कात आणि कुजकी पाने यांचा फडशा पाडतात. आयसोपॉड हे कीटक नसून खेकड्याच्या कुळातील कवचधारी आहेत आणि कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेतात, त्यामुळे पेटीचा निदान एक कोपरा सतत दमट नसेल तर ते मरतात. त्यांच्यासाठी त्या कोपऱ्यात मॉस, कुजलेल्या लाकडाचा तुकडा आणि कॅल्शियमसाठी अंड्याचे कवच किंवा समुद्रफेण ठेवावा. सापाला त्यांच्यापासून त्रास होत नाही.

पाने कोणती, हे विचारणाऱ्यांना मी ओक, पेरू, मॅग्नोलिया आणि देशी बदाम यांची नावे सांगतो. झाडावरून आपोआप गळून पडलेली, तपकिरी, करकरीत वाळलेली पाने घ्यावीत. हिरवी पाने तोडून वाळवू नयेत. चार-पाच सेंमीचा पानांचा थर सर्वांत वर पसरला की पृष्ठभाग कोरडा राहतो, साप त्याखालून निर्धास्त फिरतो, आणि ज्या उघड्या जागेतून तो जायला कचरत होता तिथूनही जाऊ लागतो. हा बदल पाहण्यासारखा असतो, आणि नैसर्गिक बिछायतीच्या बाजूने याहून मोठा पुरावा मला देता येणार नाही.

थराची जाडी आपल्या सापासाठी १० ते १२ सेंमी पुरे. तळाशी भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा निचऱ्याचा थर हवा का, असे आपण विचारलेले नाही, तरी लिहितो: जिवंत झाडे लावून त्यांना नियमित पाणी घालायचे असेल तरच तो करावा. अन्यथा त्यात पाणी साचून कुजते आणि कळत नाही. वजनाचा विचार मात्र आधीच करावा. १२० गुणिले ६० गुणिले १० सेंमी म्हणजे ७२ लिटर मिश्रण होते, आणि ओल्या मातीचे वजन धरले तर ते ९० किलोच्या घरात जाऊ शकते. कोकोपीटमुळे थोडे कमी भरेल. पेटीचा तळ आणि खालचे टेबल ते पेलणारे असले पाहिजे, आणि लाकडी पेटी असल्यास तळाच्या सांध्यांना आतून विषारी नसलेला जलरोधक लेप देऊन तो पूर्ण वाळू दिला पाहिजे.

तापवण्याच्या व्यवस्थेबद्दल एक गंभीर सूचना. आपल्या पेटीखाली उष्णतेची चटई असल्यास जाड थर टाकण्यापूर्वी ती काढावी. माती उष्णतेला अडवते. वरचा भाग थंडच राहतो, थर्मोस्टॅटचा (तापमान आपोआप राखणाऱ्या उपकरणाचा) सेन्सर वर ठेवलेला असेल तर चटई अधिकाधिक तापत जाते, आणि ऊब शोधणारा साप खणत थेट तापलेल्या तळापर्यंत पोहोचतो. अशा प्रकारे पोट भाजलेले साप मी पाहिले आहेत, आणि त्या जखमा भरायला महिने लागतात. जाड बिछायतीच्या पेटीत ऊब वरूनच द्यावी, थर्मोस्टॅट लावून आणि दिव्याभोवती जाळी बसवून, म्हणजे साप दिव्याला चिकटणार नाही. उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश आणि थंड टोकाला २५ ते २७ अंश असे तापमान ठेवावे. आर्द्रतामापकाचा सेन्सर काचेवर उंच न चिकटवता साप जिथे असतो तिथे, पानांच्या पातळीवर ठेवावा.

पाणी घालण्याची रीत अशी: चारही कोपऱ्यांत पाने बाजूला सारून, भिंतीलगत हळूहळू पाणी ओतावे, म्हणजे ते थेट तळाशी उतरते आणि तिथून पसरते. पहिल्या वेळी अर्धा-पाऊण लिटरने सुरुवात करून दोन दिवस आकडा पाहावा. बोट खोचून पाहिल्यावर वरचे दोन-तीन सेंमी कोरडे आणि खाली गार, ओलसर लागले पाहिजे. आर्द्रता सतत ८५ टक्क्यांच्या वर जात असेल, काचेवर दिवसभर दव दिसत असेल किंवा मातीला आंबूस वास येत असेल, तर पाणी थांबवावे, वायुवीजन वाढवावे आणि मिश्रण वरखाली करून मोकळे करावे. चांगल्या मातीला पहिल्या पावसानंतरच्या जमिनीसारखा वास येतो. अमोनियाचा किंवा आंबट वास आला तर आत हवा पोहोचत नाही, असे निश्चित समजावे.

आता सर्वांत महत्त्वाचे: साप अजून या पेटीत सोडू नका. नवीन सापाला निदान ६० दिवस, आणि शक्य असेल तर ९० दिवस, पांढऱ्या कागदावरच ठेवावे. ऑफिओनिसस नॅट्रिसिस हा सापांवरचा माइट रक्त पिऊन झाल्यावर सापावरून उतरतो आणि अंधाऱ्या, दमट फटींत अंडी घालतो. माती, साल आणि पाने यांत त्याला शोधणे जवळजवळ अशक्य असते, तर पांढऱ्या कागदावर तो काळ्या ठिपक्यासारखा लगेच दिसतो. डोळ्यांच्या कडा, हनुवटीखालची घडी आणि पाण्याचे भांडे हे रोज पाहावे. (मातीत फिरणारे फिकट, सावकाश चालणारे माइट बहुधा निरुपद्रवी असतात, काळे, गोल आणि सापाच्या अंगावर किंवा पाण्यात बुडालेले दिसले तर मात्र काळजीचे.) याच काळात पशुवैद्याकडून विष्ठेची तपासणी करून घ्यावी. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचे बीजाणू नेहमीच्या क्लोरीनयुक्त जंतुनाशकांनाही दाद देत नाहीत. ते एकदा मातीत गेले की संपूर्ण बिछायत, लाकूड आणि झाडे टाकून देण्यावाचून मार्ग उरत नाही.

हा विलगीकरणाचा काळ वाया जात नाही. तेवढ्या दिवसांत पेटी तयार करून, स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड सोडून, दिवे आणि थर्मोस्टॅट चालू ठेवून ती मुरू द्यावी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नव्या लाकडावर पांढरी, कापसासारखी बुरशी येईल. घाबरून सर्व उपसू नये; स्प्रिंगटेल वाढले की ती ओसरते. ती पुन्हा पुन्हा एकाच जागी येत असेल, तर ती जागा फार ओली आहे. साप नियमित खातो, विष्ठा व्यवस्थित होते, तपासणी निर्दोष आली आणि पेटीतील आकडे दोन आठवडे स्थिर राहिले, की त्याला हलवावे. त्याचे जुने लपण तसेच, न धुता, नव्या पेटीत ठेवावे. ओळखीचा वास असला की तो लवकर स्थिरावतो. पुढचे सात दिवस त्याला हाताळू नये आणि खाऊही घालू नये. त्यानंतर भक्ष्य कोरडे पुसून चिमट्याने, सपाट दगडावर द्यावे, म्हणजे ओल्या केसांना माती चिकटत नाही.

देखभाल कठीण नाही. साप नायट्रोजनचे टाकाऊ द्रव्य पांढऱ्या घट्ट युरिक ॲसिडच्या रूपात टाकतो, त्यामुळे विष्ठा एका जागी राहते. मोठ्या सापाची विष्ठा आयसोपॉडवर सोडून देऊ नये. तिच्याभोवतीची पाचेक सेंमी माती घेऊन ती काढावी आणि तेवढेच ताजे मिश्रण घालावे. पाने संपत जातील, ती दर एक-दोन महिन्यांनी भरावीत. जिवंत बिछायत अशा रीतीने वर्षानुवर्षे टिकते; निव्वळ कोकोपीट किंवा ॲस्पेन असेल तर ती दर दोन-तीन महिन्यांनी पूर्ण बदलावी. कात तुकड्या-तुकड्यांनी निघाली, डोळ्यांवर कातीचे आवरण राहिले, तर तळाची ओल कमी पडते आहे. श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास घेणे किंवा पोटाखाली फोड दिसले, तर सापाला त्याच दिवशी कोऱ्या कागदावर हलवून पशुवैद्याला दाखवावे; बिछायतीत फेरफार करत वाट पाहू नये.

काढलेली माती भाजीपाल्याच्या वाफ्यात किंवा स्वयंपाकघराच्या मोरीत टाकू नये, कारण निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. ती पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावी, वापरलेली चाळणी, बादली आणि खुरपे फक्त याच कामासाठी वेगळे ठेवावे, आणि काम झाल्यावर हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत.